करार आणि बळ : एका जोडविद्येचा इतिहास

आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध या दोन विद्यांचा पदवीनंतर एकत्र अभ्यास करावयाचा, ही गोष्ट जगात केव्हा आणि का सुरू झाली, हा आमचा विषय आहे. ज्याची हयात कामगार संघटनेच्या कामात गेली आणि ज्याचे शिक्षण कॉलेजच्या बाकापेक्षा सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले, अशा माणसाने हा विषय का घ्यावा, अशी शंका कोणी काढील. उत्तर सोपे आहे. या दोन विद्यांमध्ये जो झगडा आहे, तो आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी कारखान्याच्या फाटकावर पाहिला. मालकाशी करार होतो. अमुक पगारवाढ, अमुक रजा, अमुक बोनस असे कलमवार लिहिले जाते. दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, पेढे वाटले जातात. पुढे संघटना खिळखिळी झाली की तोच कागद फाइलीत पिवळा पडतो. उलट, नुसत्या संपाच्या जोरावर मिळवलेली आणि कागदावर न उतरवलेली सवलत मॅनेजर बदलला की नाहीशी होते. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. पांगळ्याने वाट सांगावयाची, आंधळ्याने त्याला खांद्यावर घेऊन चालावयाचे. करार वाट सांगतो, चालण्याचे बळ संघटनेचे असते. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातही नेमके हेच आहे. परंतु हे ध्यानात येण्यासाठी जगातील विद्यापीठांना दोन महायुद्धे पाहावी लागली.

दोन विद्यांपैकी कायदा हा थोरला भाऊ. ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताचा युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरील ग्रंथ १६२५ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून या शास्त्राचा आद्य आचार्य म्हणून त्याचे नाव घेतात. पण त्याचे आधीचे लेखन आपल्याच बाजूच्या समुद्राशी निगडित आहे, हे फारसे सांगितले जात नाही. १६०३ साली सिंगापूरच्या आसपास डच लोकांनी ‘सांता कॅतरिना’ नावाचे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. ही लूट न्याय्य ठरवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीला वकील पाहिजे होता, आणि ते काम तरुण ग्रोशियसने पत्करले. त्यातूनच १६०९ साली त्याची ‘मुक्त समुद्र’ ही पुस्तिका निघाली. पोर्तुगीज म्हणत, पूर्वेकडचा समुद्र आमचा आहे, आमचा परवाना घेतल्यावाचून कोणी गलबत हाकारू नये. कोकण किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना हा ‘कार्ताझ’ परवाना चांगलाच ठाऊक होता. ग्रोशियसने उत्तर दिले की समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही. तत्त्व उदात्त आहे आणि ते पुढे जगाने मान्य केले. परंतु ते जन्माला आले एका कंपनीच्या नफ्याच्या पोटी. यामुळे तत्त्व खोटे ठरत नाही. मात्र ज्याला केवळ तत्त्व ठाऊक आहे आणि त्याचा जन्म ठाऊक नाही, त्याचे शिक्षण अर्धेच झाले, असे आम्ही म्हणतो.

एकोणिसाव्या शतकात या कायद्याला विद्यापीठात मानाचे पान मिळाले. ऑक्सफर्डला १८५९ साली त्याचे अध्यासन निघाले. केंब्रिजमध्ये विल्यम ह्यूएल यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून तसेच अध्यासन झाले आणि प्राध्यापकाने युद्धाचे अनर्थ कमी करण्याचे व अखेर युद्धच नाहीसे करण्याचे उपाय सुचवावेत, अशी त्यावर अट होती. १८७३ साली बेल्जममधील गेंट शहरी कायदेपंडितांची संस्था स्थापन झाली. ही मंडळी सद्भावनेची होती, यात संशय नाही. परंतु त्यांच्या ग्रंथांत ‘सुधारलेली राष्ट्रे’ असा एक शब्द सारखा येतो. कायदा सुधारलेल्या राष्ट्रांसाठी, आणि सुधारलेले कोण हे ठरवणारेही तेच. १९५१ पासून मद्रास विद्यापीठात शिकवणारे सी. एच. अलेक्झांड्रोविच यांनी पुढे १९६७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की सोळाव्यापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपीय सत्ता पूर्वेकडील राजांशी बरोबरीच्या नात्याने तह करीत होत्या. एकोणिसाव्या शतकात हे बरोबरीचे नाते कायद्याच्या पुस्तकांतून पुसले गेले. मधल्या काळात कायद्याला नवी बुद्धी सुचली होती असे नव्हे. बदलले होते ते बळाचे पारडे.

या कायद्याचा एक निवाडा महाराष्ट्राच्या चांगला परिचयाचा आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांनी मार्सेल्स बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली आणि ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले. तिथल्या शिपायाने त्यांना पकडून परत इंग्रजांच्या हवाली केले. फ्रान्समधील समाजवाद्यांनी आवाज उठवला. ‘ल्यूमानिते’ या पत्रात कार्ल मार्क्स यांचे नातू झां लाँगे यांनी लेखणी चालवली. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय आला की शिपायाच्या हातून रीत मोडली हे खरे, तथापि कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. त्या खटल्यात ज्याचे आयुष्य पणाला लागले होते तो पक्षकार नव्हता. पक्षकार दोन सरकारे, आणि त्या सरकारांचे १९०४ पासून सख्य. लवादाचा निर्णय येण्यापूर्वीच मुंबईत सावरकरांना दोन जन्मठेपा सुनावल्या गेल्या होत्या. निवाड्याची कलमे वाचून या गोष्टीचा अर्धा भाग कळतो. उरलेला अर्धा भाग कळण्यासाठी जर्मनीच्या धाकाने ब्रिटन आणि फ्रान्स कसे जवळ आले, हा इतिहास वाचावा लागतो.

ही उणीव युरोपला उमगली ती १९१४ ते १९१८ च्या संहारानंतर. हेगला शांतिमंदिर बांधून तयार होते. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि पुढल्याच ऑगस्टमध्ये तोफा सुरू झाल्या. तेव्हा कायदा असूनही युद्ध का होते, हे शिकवणारी निराळी विद्या पाहिजे, असा विचार पुढे आला. १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन निघाले. युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणी यांनी वीस हजार पौंड दिले. ही संपत्ती त्यांच्या आजोबांनी वेल्सच्या कोळसा खाणींतून उभी केली होती. म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध या विद्येच्या पायाभरणीत खाणीतल्या मजुराचाही घाम आहे. देणगीच्या पाटीवर खाणमजुरांची नावे नसतात, म्हणून येथे नोंदवून ठेवतो. याच अध्यासनावर पुढे ई. एच. कार बसले. १९३९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाने नुसत्या सदिच्छेवर विसंबणाऱ्यांची झोप उडवली. कायदा समाजाच्या वर अधांतरी लोंबत नाही, तो त्या समाजाच्या राजकारणातूनच येतो, असे त्यांनी बजावले.

इकडे हेगला १९२३ साली आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी सुरू झाली. एका गावी कायदा, दुसऱ्या गावी राजकारण, अशी वाटणी झाली. ही वाटणी मोडून दोन्ही चुली एक करण्याचा प्रयत्न झाला तो १९२७ साली जिनीव्हाला. तिकडे जाण्यापूर्वी त्याच शहरात भरलेल्या आणखी एका बिऱ्हाडाची हकीकत सांगणे अवश्य आहे, कारण कामगारांचा या विद्येशी संबंध तिथे जुळतो.

व्हर्सायच्या १९१९ च्या तहाने राष्ट्रसंघाबरोबर आंतरराष्ट्रीय मजूर संघटनाही जन्माला घातली. तिच्या परिषदेत प्रत्येक देशाचे सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी बसू लागले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दरबारात सरकारखेरीज कोणाला खुर्ची नव्हती, तिथे मजुराला खुर्ची मिळाली. पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनला भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा हा माणूस, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचा सभासद. त्या परिषदेने जगासाठी आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरवला, पण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळे कलम घालून साठ तासांचा आठवडा लिहिला. १९२१ साली सरकारने या करारास मान्यता दिली आणि १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने साठ तासांची मर्यादा आपल्या गिरण्यांत आली. वॉशिंग्टनमध्ये लिहिलेले एक कलम परळ-लालबागच्या साचेवाल्यापर्यंत कसे पोहोचते, याचे हे ठळक उदाहरण आहे. तसेच हिंदी मजुराला जगापेक्षा बारा तास अधिक का, याचे उत्तर त्या कलमाच्या शब्दांत सापडत नाही. ते साम्राज्याच्या हिशेबात सापडते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक स्थापन झाली. या परिषदांना खरा प्रतिनिधी पाठवावयाचा तर देशव्यापी संघटना पाहिजे, हेही तिच्या स्थापनेचे एक कारण होते.

याच प्रतिनिधित्वावरून पुढे जे घडले ते तर प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे. राष्ट्रसंघाने हेगला कायम आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापले. त्या न्यायालयाने आपले पहिले सल्लावजा मत दिले ते ३१ जुलै १९२२ रोजी, आणि त्याचा विषय सरहद्द नव्हता की आरमार नव्हते. हॉलंडच्या कामगारांचा प्रतिनिधी रीतसर नेमला गेला काय, हा प्रश्न होता. हॉलंडमध्ये सर्वांत मोठी एक संघटना होती. सरकारने तिला बाजूला ठेवून दुसऱ्या तीन संघटनांच्या संमतीने माणूस निवडला, कारण त्या तिघींचे सभासद मिळून त्या एकीपेक्षा अधिक भरत होते. तहातील कलमात ‘सर्वांत प्रातिनिधिक संघटना’ असे अनेकवचनी शब्द होते. न्यायालयाने सांगितले की सर्वांशी एकमत साधण्याची शिकस्त सरकारने करावी, परंतु ते न साधल्यास अशी निवड नियमबाह्य नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यातील ‘प्रातिनिधिक संघटना’ हा शब्द किती झोंबला, हे आम्ही नव्याने सांगावयास नको. १९८२ च्या संपाच्या मुळाशी तोच प्रश्न होता. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो. १९११ साली हेगला सावरकरांना बोलावयास जागा नव्हती. अकरा वर्षांनी त्याच शहरात कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचे म्हणणे न्यायाधीशांनी ऐकून घेतले. मधल्या काळात न्यायाधीशांच्या काळजाला पाझर फुटला होता काय? नाही. १९१७ साली रशियात क्रांती झाली होती, युरोपभर संप झाले होते, आणि मजुराला दारात उभे ठेवणे सरकारांना परवडेनासे झाले होते. खुर्ची बळाने मिळाली, आणि कायद्याने ती टिकवली.

आता जिनीव्हाच्या विद्यापीठाकडे वळू. १९२७ साली विल्यम रापार आणि पॉल माँतू या दोघांनी तेथे आंतरराष्ट्रीय विषयांच्या उच्च अभ्यासाची संस्था काढली. रापार स्विस अर्थशास्त्रज्ञ होते आणि राष्ट्रसंघाच्या वसाहतविषयक खात्याचे काम त्यांनी सांभाळले होते. माँतू फ्रेंच इतिहासकार होते आणि १९१९ च्या तहाच्या बोलण्यांत मोठ्या चौघांचे दुभाषी म्हणून खोलीत बसलेले होते. तहातील शब्द कसे ठरले, कोण कोणाला दबले, हे त्यांनी कानांनी ऐकले होते. अशा माणसाला कायदा आणि राजकारण वेगवेगळ्या वर्गांत शिकवावे असे वाटणे शक्यच नव्हते. या संस्थेत पदवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला कायदा, इतिहास आणि अर्थशास्त्र एकाच छपराखाली शिकावे लागे. १९३३ नंतर हिटलरने हाकललेल्या विद्वानांनाही याच संस्थेने आसरा दिला. कोलोनच्या विद्यापीठातून काढून टाकलेले हान्स केल्सेन येथे आले आणि १९४० पर्यंत राहिले. कायद्याचे शास्त्र राजकारणाच्या चिखलातून वर काढून शुद्ध स्वरूपात मांडावे, हा त्यांचा जन्माचा ध्यास.

त्याच शहरात त्या वेळी हान्स मॉर्गेन्थाऊ नावाचा एक तरुण शिकवीत होता. पुढे १९४८ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाने राष्ट्राराष्ट्रांचे राजकारण हे सत्तेसाठी चाललेले झगडे आहेत, हा सिद्धान्त जगभरच्या वर्गांत नेला. आज हजारो विद्यार्थी त्याला आंतरराष्ट्रीय संबंधांचा आचार्य म्हणून ओळखतात. परंतु हा मूळचा वकील. १९२९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा प्रबंध आंतरराष्ट्रीय न्यायदान आणि त्याच्या मर्यादा यांवर होता. आणि वकिली तो शिकला कोठे? फ्रँकफुर्टला हूगो झिन्त्सहायमर यांच्या कचेरीत. झिन्त्सहायमर म्हणजे जर्मन कामगार कायद्याचे जनक. १९१९ च्या वायमार घटनेत कामगारांचे हक्क लिहिण्यात त्यांचा हात होता. तेथे मजुरांचे खटले चालवता चालवता या तरुणाच्या ध्यानात आले की निकाल अखेर कायद्याचा अर्थ कोण चांगला लावतो यावर ठरत नाही, समाजात बळ कोणाकडे आहे यावर ठरतो. ही गोष्ट त्याने स्वतःच उतारवयात सांगितली आहे. म्हणजे ज्या सिद्धान्तावर परराष्ट्र खात्यांचे मोठमोठे अधिकारी पोसले गेले, त्याचा पहिला धडा कामगारांच्या कज्ज्यात गिरवला गेला होता! जिनीव्हात या तरुणाच्या अध्यापन-प्रबंधावर आक्षेप आले, तेव्हा ज्यांच्या अनुकूल अभिप्रायाने तो तरला ते परीक्षक केल्सेन होते. शुद्ध कायद्याच्या आचार्याने बळाच्या अभ्यासकाला वाट करून दिली. या जोडविद्येचे याहून चांगले चित्र आम्हांला दुसरे दिसत नाही.

तथापि झिन्त्सहायमर यांच्या कचेरीतून निघालेला धडा मॉर्गेन्थाऊने जिथे नेऊन ठेवला, तिथे आम्ही थांबत नाही. निकाल बळावर ठरतो, हे कामगारालाही कळते. पण म्हणून तो कायदा सोडून देत नाही. दुबळ्याजवळ बळ थोडे असते. ते रोज उगाळून चालत नाही. एकदा मिळवलेले कागदावर बांधून ठेवणे हाच त्याचा साठा असतो. बलवानाला करार ही अडचण वाटते, दुबळ्याला तो कुंपण वाटतो. लहान राष्ट्रे आणि नवी राष्ट्रे आंतरराष्ट्रीय कायद्याला इतकी चिकटून का राहतात, याचे उत्तर हेच आहे.

भारतात हे घडताना पाहावे. १९४३ साली भारतीय विश्व कार्य परिषद स्थापन झाली. तिच्या प्रयत्नाने १९५५ च्या ऑक्टोबरात दिल्लीला सप्रू हाउसमध्ये आंतरराष्ट्रीय अध्ययनाची स्वतंत्र पदव्युत्तर संस्था निघाली. तिचे आधारस्तंभ हृदयनाथ कुंझरू. जोशी ज्या भारत सेवक समाजातून वॉशिंग्टनला गेले, त्याच समाजाचे हे अध्यक्ष. संस्थेचे पहिले संचालक ए. अप्पादोराय होते. १९५९ साली त्याच शहरात भारतीय आंतरराष्ट्रीय कायदा परिषद निघाली आणि तिचे अध्यक्षपद व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याकडे गेले. १९७० मध्ये सप्रू हाउसची संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तेथे आंतरराष्ट्रीय कायद्याचे केंद्र आंतरराष्ट्रीय अध्ययनाच्या विद्यालयातच राहिले, ते विधी महाविद्यालयात गेले नाही. याच परंपरेत आर. पी. आनंद यांनी १९७२ साली नवी राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांवर ग्रंथ लिहिला. आम्ही झोपेत असताना लिहिलेले नियम आम्हांला लागू कसे, हा नव्या राष्ट्रांचा प्रश्न त्यांनी सभ्यपणे पण ठामपणे मांडला. पुढे १९९३ मध्ये बी. एस. चिमणी यांनी मॉर्गेन्थाऊसह पाश्चात्त्य मतांची मार्क्सवादी दृष्टीने झडती घेतली. अमेरिकेत मात्र महायुद्धानंतर दोन्ही चुली पुन्हा वेगळ्या झाल्या होत्या. वकील एका इमारतीत आणि राजकारणाचे अभ्यासक दुसऱ्या. केनेथ ॲबट यांनी १९८९ साली आणि ॲन-मरी स्लॉटर यांनी १९९३ साली या दोघांनी एकत्र बसावे म्हणून लेख लिहिले, तेव्हा तेथे हा विचार नव्याने धरू लागला.

दिल्लीची संस्था निघाली त्याच वर्षाच्या अखेरीस भारताला या विद्येची परीक्षा द्यावी लागली. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांच्या ताब्यातील मुलूख १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय आणि महाराष्ट्रीय स्वयंसेवकांनी मुक्त केले. दमणहून तिकडे जाण्याची वाट भारताने पोर्तुगीजांना बंद केली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. आठवडा पुरा व्हायला सवड मिळाली ती एवढीच. भारताने तक्रार केली की ही चाल आहे. १९५७ साली न्यायालयाने म्हटले, चाल असो, कायद्यात बसते.

मुख्य दाव्यात पोर्तुगालने जो कागद पुढे केला तो पुण्याचा होता. १७७९ च्या तहाच्या सतराव्या कलमाने मराठ्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती लावून दिली. पोर्तुगाल म्हणे, आम्हांला राज्य दिले. भारत म्हणे, राज्य दिले नाही, वसूल दिला. न्यायालयाने तहाचे वेगवेगळे पाठ तपासले आणि सांगितले की हा जहागीर किंवा सरंजाम होय, यात सार्वभौमत्व दिलेले नाही. म्हणजे हेगच्या न्यायाधीशांना अखेर आपल्या तलाठ्याला कळणारा भेद समजून घ्यावा लागला! आता सनदेचा शब्द कळला, पण सनद दिली का, हे शब्दातून कळत नाही. तह झाला तेव्हा इंग्रजांशी मराठ्यांचे पहिले युद्ध चालू होते आणि किनाऱ्यावरच्या दुसऱ्या सत्तेशी सख्य राखणे पुणे दरबारच्या सोयीचे होते. येथेही कलमाच्या पाठीशी बळाचा हिशेब उभा आहेच.

तथापि न्यायालय येथे थांबले नाही. मराठेशाहीनंतर इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांचा प्रत्यक्ष अंमल मान्य केला आणि सव्वाशे वर्षे माणसे, अधिकारी व माल यांची ये-जा चालू राहिली. ही वहिवाट झाली. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या जाणारी बैलगाडी जशी वाटेचा हक्क मिळवते, तसे हे झाले. म्हणून १२ एप्रिल १९६० च्या निकालात अकरा विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटले की नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना मात्र तो नव्हता, कारण ते प्रत्येक वेळी परवानगीने जात. हा भाग आठ विरुद्ध सात मतांनी, म्हणजे एका मताने ठरला. आणि भारताने आपले बंधन मोडले नाही, असा कौल नऊ विरुद्ध सहा मतांनी मिळाला. भारताकडून महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी बाजू मांडली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला हे त्या खटल्यापुरते न्यायासनावर होते. पुढे ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा-नगर हवेली भारतात सामील झाली आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. स्वयंसेवकांनी जीव धोक्यात घातला नसता तर हा खटला उभा राहिला नसता, आणि सनदा वाचणारे विद्वान नसते तर स्वयंसेवकांनी मिळवलेले जगापुढे टिकले असते की नाही, याचा विचार प्रत्येकाने करावा.

ही वहिवाटीची गोष्ट आजच्या मजुराच्या उंबऱ्यापर्यंत आलेली आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १९४८ चा ८७ क्रमांकाचा करार संघटनेचे स्वातंत्र्य देतो. त्यात ‘संप’ हा शब्द नाही. परंतु संघटनेच्या तज्ज्ञांनी कित्येक दशके त्या कराराचा अर्थ लावताना संपाचा हक्क त्यात आहे असे मानले. २०१२ पासून मालकांच्या प्रतिनिधींनी हे मानण्यास उघड नकार दिला. भांडण मिटेना, म्हणून १० नोव्हेंबर २०२३ रोजी संघटनेच्या नियामक मंडळाने हा प्रश्न हेगच्या न्यायालयाकडे पाठवला. १९२२ साली कामगारांचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न हेगला गेला होता, आणि एकशे एक वर्षांनी कामगाराला काम थांबवण्याचा हक्क आहे काय, हा प्रश्न गेला. न्यायालयाच्या मताहूनही आम्हांला या प्रश्नाची घडण महत्त्वाची वाटते. शब्द नसताना वहिवाटीने हक्क होतो काय, हाच तो बैलगाडीच्या वाटेचा प्रश्न आहे. ज्याने दादरा-नगर हवेलीचा निकाल आणि संपाचा इतिहास हे दोन्ही वाचले आहेत, तोच हा प्रश्न पुरता समजू शकतो.

असा माणूस आपल्याकडे कोण घडवणार? मालकांच्या संस्थांना असे सल्लागार ठेवणे परवडते. मोठ्या राष्ट्रांच्या परराष्ट्र खात्यांत ते पलटणीने असतात. कामगार संघटनेजवळ, शेतकऱ्यांच्या सभेजवळ, मच्छीमारांच्या सोसायटीजवळ असा एकही माणूस नसतो, आणि तरीही समुद्राचा कायदा, व्यापाराचे करार, मजुरीचे करार यांचे परिणाम अगोदर पोचतात ते यांच्याच घरी. ज्या पुण्याच्या सनदेवर हेगला इतका खल झाला, त्या पुण्याच्या भाषेत या जोडविद्येची पुस्तके किती आहेत, हे आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन पाहावे. ही विद्या दिल्लीत आहे आणि परदेशात आहे. ती इंग्रजीत आहे आणि महाग आहे. गिरणगावातला किंवा मराठवाड्यातला जो मुलगा वा मुलगी आज पदवी घेऊन नोकरीच्या अर्जांचे गठ्ठे पाठवीत आहे, त्याच्यापर्यंत ती पोहोचण्याची व्यवस्था झाली पाहिजे. विद्यापीठांनी शिष्यवृत्त्या द्याव्यात, आणि संघटनांनीही वर्गणीतला काही हिस्सा बाजूला काढून दर वर्षी निदान एक कार्यकर्ता या अभ्यासाला पाठवावा, अशी आमची मागणी आहे. संपफंड आपण जमवतो, मोर्चाचा खर्च आपण जमवतो. त्यात हा एक रकाना वाढला तर संघटना बुडणार नाही. तो माणूस शिकून येईल तेव्हा करार कसा वाचावा हे त्याला ठाऊक असेल, आणि तो करार पाळून घेण्यासाठी फाटकावर माणसे उभी करावी लागतात, हे तर तो आपल्याकडूनच शिकून गेलेला असेल.